ऑटेकर पण तेच ते करतात, मग मी का घाबरू? (सल्ला सदर)

या वेळचं पत्र लांबलचक होतं, कामापुरतं कापून देतेय.

"ताई, मी ३४ वर्षांचा, कोथरूडला राहतो, दिवसा आयटी आणि रात्री हेडफोन लावून एक्सपेरिमेंटल इलेक्ट्रॉनिक करतो. मॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे पॅच, म्हणजे आवाज करणारे छोटे प्रोग्राम, बनवतो, एबल्टन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवतो. दोन अल्बम बॅंडकॅंप या संगीताच्या साइटवर आहेत, ऐकणारे मोजके. तिसरा जवळपास झाला होता तेव्हा एका जवळच्या मित्राला ऐकवला, तो म्हणाला, भारी आहे रे, पण हे मागच्या अल्बममधलंच ना? झालं, तेव्हापासून काही सुचेना. मग विचार केला मोठे लोक काय करतात बघू, तर ऑटेकर ही ब्रिटिश जोडी आणि एफेक्स ट्विन, दोन्ही आमच्या क्षेत्रातले देव, पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने ऐकले आणि जास्तच वाईट वाटलं कारण मला वाटायला लागलं हेही वीस वर्षं तेच तेच करतायत. मग प्रयोग प्रयोग म्हणतात तो कुठे आहे? की २००० च्या आसपासच संपला सगळा? माझा प्लॅन असा की सगळं विकायचं आणि मॉड्युलर सिंथ, म्हणजे सुटे भाग केबलने जोडून वाजवायचं यंत्र, घ्यायचा, दोन लाख बाजूला काढलेत. बायको म्हणते फ्रीज घे. दुसरा प्लॅन, तिसरा अल्बम वेगळ्याच नावाने काढायचा म्हणजे कोणी जुन्याशी कम्पेअर करणार नाही. लिंक पाठवतोय, खरं खरं सांग. – तेच ते, पुणे"

अरे तेच ते,

आधी फ्रीजचं. फ्रीज घे. मस्करी नाही करत, का ते पुढे येईलच, पण दोन लाखांचा मॉड्युलर हे तुझ्या दुखण्यावरचं औषध नाहीये आणि बायको बरोबर बोलतेय.

आता तुझ्या देवांकडे येऊ कारण तिथूनच तुझी गाडी रुळावरून घसरलीय. तू ऑटेकर ओळीने ऐकलेस म्हणतोस, १९९३ च्या पहिल्या अल्बमपासून २०२० पर्यंत, म्हणजे मधली ती २०१६ ची पाच भागांची चार तासांची भानगड आणि २०१८ ची रेडिओसाठी केलेली आठ तासांची पण, हे जर खरंच काही दिवसांत लागोपाठ ऐकलं असशील तर कोणाचेही कान बधिर होतील रे, सत्तावीस वर्षांचं काम असं बसून गिळायचं नसतं. पण तरी तुझा प्रश्न खोटा नाहीये. २००१ साली त्यांचा कन्फील्ड हा अल्बम आला तेव्हा भले भले चक्रावले होते, हे काय भांडी पडल्यासारखं, बीट कुठे गेला वगैरे, आणि त्यानंतर एवढ्या जोरात जमीन हलली असं पुन्हा झालं नाही हे मलाही मान्य आहे. फक्त यावरून "ते तेच तेच करतात" असा निष्कर्ष तू काढतोस तिथे मी थांबते.

तुला त्यांचीच एक गोष्ट सांगते, माहीत असेल तरी ऐक. १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये रेव्ह, म्हणजे रात्रभर नाचायच्या पार्ट्या, बंद करायला एक कायदा येऊ घातला होता, क्रिमिनल जस्टिस ॲक्ट, आणि त्यात रेव्हमध्ये वाजणारं संगीत ओळखायचं कसं तर लागोपाठ पुन्हा पुन्हा येणारे ठोके ज्यात मुख्यतः असतात ते, असं चक्क कायद्याच्या भाषेत लिहिलं होतं. तर या दोघांनी, रॉब ब्राउन आणि शॉन बूथ, मॅंचेस्टरजवळच्या रॉचडेलची पोरं, अँटी नावाचा एक ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड, काढला. त्यात फ्लटर नावाचा ट्रॅक आहे जो असा प्रोग्राम केलाय की त्यातला कुठलाच बार, म्हणजे तालाचं आवर्तन, दुसऱ्या बारसारखा नाही, म्हणजे कायद्याने याला हात लावता येणार नाही. वर पाकिटावर स्टिकर लावला की बाकीच्या दोन ट्रॅकमध्ये ठोके पुन्हा पुन्हा येतात त्यामुळे कायदा झाला तर ते वाजवू नका, फ्लटर चालेल, पण डीजेने सोबत एक वकील आणि एक संगीततज्ज्ञ बसवून ठेवावा, पोलीस आले तर पटवून द्यायला. एवढी सभ्य खोडी मी दुसरी पाहिली नाही.

आता तो ट्रॅक लाव आणि डोळे मिटून ऐक. काय ऐकू येतं? एक सलग मस्त तरंगणारी चाल आणि खाली गडबडीत चाललेला बीट, आणि दोन मिनिटांत कानाला वाटायला लागतं की हे गोल गोल फिरतंय. एकही बार रिपीट नाही, तरी कान म्हणतो रिपीट आहे! कारण कान बार मोजत नाही, त्याला दिसतं की माणूस कुठे उभा आहे, कुठे चाललाय, आणि फ्लटरमध्ये ते दोघं मुद्दामच एका जागी उभे आहेत. म्हणजे काहीही पुन्हा न वाजवता तेच ते वाजवता येतं.

हे तुला मॅक्समधून पण कळलं असेल. रँडम आकडे टाकले की प्रत्येक वेळी वेगळं येतं, पहिली दोन मिनिटं मजा, दहा मिनिटांनी सगळं करडं. मॅक्समध्ये ड्रंक नावाचं ऑब्जेक्ट आहे ना, झिंगलेल्या माणसासारखं एक एक पाऊल इकडे तिकडे टाकत जातं, ते थोडं बरं वाटतं कारण त्याला निदान आत्ता कुठे आहे ते माहीत असतं, पण ते पण तासभर सोडलं तर कान ओळखतो की हा घरी जाणार नाही. आकडे बदलत राहतात, पण आकडे ज्या टोपलीतून येतात ती टोपली तीच. वेगळेपणा हवा म्हणून रँडम वाढवत नेणारे ढिगाने आहेत आणि सगळ्यांचं सारखंच वाजतं, हा या क्षेत्रातला सगळ्यात वाईट जोक आहे.

आता उलटं बघ. एलियान रादीग. हे नाव तुझ्या पत्रात नाही म्हणून सांगते. फ्रेंच बाई, जन्म १९३२, तरुणपणी पॅरिसमध्ये पिएर शेफर आणि पिएर आंरी यांच्याकडे टेप कापण्या-जोडण्याचं काम शिकली, साठच्या दशकाच्या शेवटी फीडबॅकवर, म्हणजे माइक स्पीकरजवळ नेला की येणाऱ्या आवाजावर, काम केलं, मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये एआरपी २५०० हा कपाटाएवढा सिंथ हाताला लागला आणि मग? मग साधारण २००० सालापर्यंत तेच यंत्र. कीबोर्ड तर घरी आणलाच नाही, तो अमेरिकेतच सोडला, कारण कीबोर्ड आला की बोटं जुन्या सवयीने सूर वाजवायला लागतात. तिचा एकेक पीस तासभराचा, एक लांब स्वर, त्याच्या आत दुसरा, इतक्या हळू बदलतात की आत्ता बदललं असं बोट ठेवता येत नाही, फक्त वीस मिनिटांनी लक्षात येतं की आपण भलत्याच ठिकाणी आलोय. १९८५ ते १९९३ या काळात तिने मृत्यूवर तीन भागांचं एक मोठं काम केलं, त्यातल्या मधल्या भागाचं नाव कैलासा, आपलाच कैलास, पर्वताभोवतीची मनातल्या मनात केलेली प्रदक्षिणा. बाहेरून ऐकणारा म्हणेल, बाई तीस वर्षं हूं करत बसल्या. आणि एका अर्थाने बसल्याच! पण तू तिचा सत्तरच्या दशकातला एक आणि नव्वदच्या दशकातला एक पीस वेगवेगळ्या दिवशी ऐक, घाई न करता. यंत्र तेच, पद्धत तीच, पण हात किती हलका झालाय ते कळतं.

आणि गंमत म्हणजे यानंतर बाईंनी इलेक्ट्रॉनिक सोडलं. सत्तरीच्या आसपास! सोडलं आणि चेलो, हार्प वाजवणाऱ्या लोकांसोबत काम सुरू केलं, २०११ पासून ऑकम नावाची एक मालिकाच, आणि त्याला लिखित नोटेशन नाही, समोर बसून तोंडी शिकवायचं, वाजवणाऱ्याने ते स्वतःत मुरवायचं. आपल्याकडे हे ऐकून कोणी टाळ्या वाजवणार नाही, म्हणतील यात नवीन काय. पण इलेक्ट्रॉनिकवाल्यांच्या जगात ही उडी मोठी होती. आणि ऐकायला? ऐकायला पुन्हा तेच, तो हळू सरकणारा स्वर. म्हणजे तीस वर्षं साधन एकच आणि मग एका झटक्यात साधन बदललं, पण शोध सुरुवातीपासून एकाच गोष्टीचा चालू होता.

आता तुला कळलं असेल मी कुठे चाललेय. रिपीट होणं हा गुन्हा नाहीच. डिसेंबरात तुमच्याच पुण्यात सवाईला लोक शाल गुंडाळून बसतात तेव्हा कोणी उठून म्हणतं का की हा मारवा मागच्या वर्षी झाला? तोच राग, तीच बंदिश, तोच विलंबित एकताल आणि आपण श्वास रोखून बघतो की आज समेवर कसा येणार. तिथे आपल्याला नीट कळतं की काय ठरलेलं आहे आणि काय आत्ता ठरतंय. (आणि हेही कळतं की कोण फक्त गुरूंच्या जागा गिरवतोय, ते बाहेर चहाच्या रांगेत लगेच बोललं जातं.) तुझ्या संगीताला पण हाच प्रश्न विचारायचा, एवढाच. यातलं काय मी ठरवलं आणि काय सवयीने आपोआप आलं. ठरवून शंभर वेळा तेच केलंस तरी माझी हरकत नाही, पण सवयीने आलेलं एकदा पण ऐकणाऱ्याला कळतं, त्याला सांगता येत नाही पण कळतं. तुझ्या मित्राला कळलं.

देवांपैकी सगळेच या परीक्षेत पास होतात असं मी म्हणत नाही हां. जपानचा मर्झबाऊ, म्हणजे मासामी अकिता, नॉइज म्हणजे नुसत्या गोंगाटाचं संगीत करणारा, त्याने २००० साली ५० सीडींचा एक डबा काढला, पन्नास, आणि तेव्हापासून पण थांबलेला नाही, मला नॉइज आवडतो तरी माझ्यासाठी त्यातला बराचसा भाग आपोआप आलेला आहे, त्याचे भक्त मला शिव्या घालतील, घालू देत. जर्मनीच्या क्राफ्टवर्क बॅंडने २००३ नंतर नवीन अल्बमच काढला नाही, तीच गाणी जगभर वाजवतात, मध्ये कितीतरी वर्षं थ्रीडी चष्मे देऊन वाजवली, आणि मजा येते, पण ते आता स्वतःच्या म्युझियमचे क्युरेटर आहेत हे त्यांनाही माहीत असावं.

एफेक्स ट्विनचं जरा वेगळं आहे. २००१ नंतर १३ वर्षं त्या नावाने अल्बम नाही आणि मग २०१४ मध्ये सायरो आला, ग्रॅमी पण मिळालं, आणि तो ऐकून तू म्हणतोस तसंच वाटतं की यात जमीन हलवणारं काही नाही. बरोबर आहे. तो जमीन हलवायला केलेला अल्बमच नाही, तो एका माणसाने खोलीभर यंत्रांशी इतकी वर्षं खेळून हात किती साफ झालाय ते दाखवणारा अल्बम आहे, पाकिटावर यंत्रांची यादी सुद्धा छापलीय. आणि नंतरचं माहितीये ना, २०१५ च्या सुरुवातीला त्याने साउंडक्लाउडवर एका फालतू युजरनेमने शंभराहून जास्त जुने ट्रॅक ओतले, नव्वदच्या दशकातले वगैरे. ते ऐकून माझं तर डोकंच फिरलं होतं कारण त्यात अशा कितीतरी वाटा होत्या ज्या त्याने चालून बघितल्या आणि छापल्या नाहीत. आपण बाहेरून जे तेच ते म्हणतो ते फक्त छापलेल्या गोष्टींवरून म्हणतो. तुझ्या हार्ड डिस्कवर पण असतील ना असे फोल्डर, अर्धवट, विचित्र, लाज वाटते म्हणून बंद केलेले? ते नंतर काढून ठेव, काम आहे.

"२००० च्या आसपास संपलं का" हा तुझा प्रश्न मात्र मला अर्धा पटतो. त्या दहा बारा वर्षांत एक घाई होती, जुनी यंत्रं सेकंडहँडमध्ये स्वस्त पडून होती, घरच्या कॉम्प्युटरमध्ये आवाज हाताळायची ताकद आली, मॅक्सला ऑडिओ जोडला गेला, दर वर्षी एक दार उघडायचं आणि जो पहिला आत जाईल तो शोधक. जर्मनीचा ओव्हल, आता म्हणजे एकटा मार्कुस पॉप पण तेव्हा तिघांचा गट, त्यांनी सीडी अडकल्याचा आवाज घेऊन १९९४-९५ मध्ये दोन इतके सुंदर अल्बम केले की लोकांना सीडी प्लेअर बिघडला की आनंद व्हायला लागला. आणि पाच सहा वर्षांत काय झालं तर तो आवाज प्लगिनमध्ये आला, जाहिरातीत आला, सगळे अडकायला लागले. मग पॉप जवळपास नऊ वर्षं या नावाने गायब, आणि २०१० मध्ये परत आला तो साध्या कॉम्प्युटरवर, बाजारात कोणालाही मिळणारं सॉफ्टवेअर वापरून, छोटे छोटे तुकडे, गिटार ड्रम्ससारखे वाजणारे, एका अल्बमवर ७० ट्रॅक. जुना ओव्हल शोधणाऱ्यांची निराशा झाली. मला तो माणूस तेव्हा जास्त आवडला. तर ते दारं उघडण्याचं युग गेलं हे खरं, पण दारं उघडली म्हणून आत शिरणं हा काही फार मोठा पराक्रम पण नसतो.

आणि नवं यंत्र मिळालं की नवं संगीत होतं असंही नाही. आपल्या मुंबईचे चरणजीत सिंग. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे, लग्नाकार्यात ऑर्केस्ट्रा नेणारे. १९८२ मध्ये त्यांनी रोलंडची तीन यंत्रं घेतली, ज्युपिटर ८, ८०८ ड्रम मशीन आणि टीबी ३०३, आणि डिस्को बीटवर दहा राग वाजवून एक एलपी काढली. ३०३ हे यंत्र गिटारवाल्यांना बेसची साथ द्यायला बनवलेलं, त्या कामात साफ फेल गेलं, रोलंडने दोनतीन वर्षांत बंद पण केलं, आणि मग शिकागोच्या पोरांनी सेकंडहँडमध्ये उचलून १९८७ मध्ये त्यातून ॲसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार काढला. चरणजीतजींची एलपी त्याच्या पाच वर्षं आधीची आणि आवाज सेम! तेव्हा कोणी विकत घेतली नाही, २०१० मध्ये परत छापली गेली तेव्हा युरोपातले डीजे वेडे झाले आणि म्हातारपणी त्यांना तिकडे स्टेजवर बोलावणी आली. २०१५ ला गेले ते.

आता तू म्हणशील बघ, नवीन यंत्र घेतलं आणि इतिहास घडला. पण ऐक ना नीट. ती यंत्रं तेव्हा दुसऱ्यांकडेही होती, त्यांनी त्यावर बेस वाजवला. यांनी काय केलं तर यंत्राचा स्वर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो त्यात मींड ऐकली, आणि तसं ऐकायला ते कान आधीच तयार होते, यंत्र नंतर आलं. आणि तुझ्या मित्राला ती एलपी ऐकव, तो काय म्हणेल? दहाच्या दहा ट्रॅकवर तोच बीट, तीच तीन यंत्रं, तोच साचा, फक्त राग बदलला. ललत काय, भूपाळी काय, मालकंस काय, हे मागच्यातलंच ना! आणि आज तीच एलपी काळाच्या पुढची म्हणून हजारो रुपयांना विकली जाते.

म्हणून मॉड्युलर नको. नाहीतर यंत्र म्हणून मॉड्युलर गोडच आहे, डोपफर या जर्मन कंपनीने नव्वदच्या दशकाच्या मध्यात सुट्या भागांचा तो युरोरॅक नावाचा साइज ठरवला तेव्हापासून कितीतरी हुशार लोकांनी त्यात जीव ओतलाय. पण तू जे पहिले आठ मॉड्यूल घेशील ना, तेच आठ आधीच लाखभर लोकांनी घेतलेले असतील. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीचं क्लाउड्स नावाचं एक मॉड्यूल होतं, २०१४ चं, आवाजाचे बारीक कण करून धुकं बनवणारं, ते इतकं सुंदर होतं आणि त्याचं डिझाइन ओपन सोर्स असल्याने त्याच्या इतक्या कॉपी निघाल्या की मध्ये काही वर्षं जिकडे बघावं तिकडे तेच धुकं. वेगळं वाजावं म्हणून दोन लाख आणि वर कस्टम्स ड्युटी भरून सगळ्यांसारखं वाजायचं? आणि पुन्हा वर्षभर तू संगीत नाही करणार, केबल लावशील आणि व्हिडिओ बघशील. तुझा मॅक्सचा पॅच निदान जगात दुसऱ्या कोणाकडे नाहीये.

ऑटेकरकडे पण बघ या अर्थाने. त्यांनी गेली कितीतरी वर्षं मॅक्समध्ये स्वतःची एक सिस्टिम उभी केलीय आणि तीच वाढवत, मोडत, दुरुस्त करत नेतात. २०१४ च्या टूरची रेकॉर्डिंग त्यांनी विकायला काढली, क्राकाव, ब्रसेल्स, उट्रेक्ट, डब्लिन. सेट तोच, यंत्रणा तीच. ती चार शेजारी शेजारी ठेवून ऐकलीस तर कळेल की तोच माल प्रत्येक गावात कसा वेगळीकडे वळतो, आणि तुला त्यातून जे शिकायला मिळेल ते आठ तासांच्या मॅरेथॉनमधून नाही मिळणार. आणि त्यानंतर २०२० मध्ये साइन हा अल्बम आला तो तासाभराचा, मऊ, जवळजवळ हळवा, एवढा अवघड माल करून झाल्यावर हे लोक मऊ होऊ शकतात हेच मला नवीन वाटलं. तुला नाही वाटलं, ठीक आहे, तू तोपर्यंत दमला असशील.

आता तुझे ट्रॅक. ऐकले. तिन्ही अल्बम, तिसऱ्याचे डेमो धरून, पण लागोपाठ नाही.

चांगलं आधी. ते जे टिचक्यांसारखे आवाज आहेत, तबल्याच्या किनारीवर नखाने मारल्यासारखे, आणि जे लयीत बसता बसता निसटतात, ते तुझे आहेत. ते तिन्ही अल्बममध्ये आहेत आणि त्यांना हात लावू नकोस, तीच तुझी सही आहे, मित्राने त्याबद्दल तक्रार केली असेल तर त्याला सोड.

पण मला नाही वाटत त्याची तक्रार त्याबद्दल आहे. डेमोचे सात ट्रॅक आहेत, त्यातले पाच रिव्हर्बच्या, म्हणजे मोठ्या हॉलसारख्या घुमणाऱ्या आवाजाच्या, धुक्यातून हळूहळू वर येतात, साधारण चौथ्या मिनिटाला बीट येतो, सहाव्याला सगळं चढतं, मग बीट जातो आणि पुन्हा धुकं. आधीच्या दोन अल्बमला पण हेच. आणि रिव्हर्ब प्रत्येकावर एकच आहे असं ऐकू येतं, सगळ्या भाज्यांना गोडा मसाला. म्हणजे आवाजावर तू रात्र रात्र मेहनत घेतोस आणि ट्रॅकचा आकार? तो बहुतेक पहिल्या अल्बमच्या वेळी कधीतरी ठरला आणि नंतर प्रोजेक्ट फाइल कॉपी करून त्यातच भरत गेलास. बरोबर ना? टेम्प्लेट आहे ना रे? ते उडव. आत्ता, हे वाचून झालं की.

मग काय करायचं तर तिसरा अल्बम फेकायचा नाही. त्यातले दोन ट्रॅक घे, माझं ऐकशील तर दुसरा आणि सहावा, आणि रिव्हर्ब पूर्ण बंद करून ऐक, भयंकर वाटेल, नागडं वाटेल, पण त्या टिचक्या पहिल्यांदा नीट ऐकू येतील. मग ते चौथ्या मिनिटापासून सुरू कर, म्हणजे जिथे बीट येतो तिथून, आणि आधीचं सगळं काप. आता पुढे कुठे जायचं ते तुला ठरवावं लागेल कारण धुक्यात परत जायची सोय नाही. एक ट्रॅक अडीच मिनिटांत संपव आणि दुसरा वाटल्यास वीस मिनिटं ने, पण सहा-सात मिनिटांचा काहीच नको. मध्ये अडकलास की ते लाजेचे फोल्डर उघड, त्यातलं काहीतरी विचित्र आत आण.

मित्राला पण परत बोलव. "कसं वाटलं" असं विचारू नकोस, त्याच्या हातात माउस दे आणि सांग की जिथे हे आधी ऐकलंय असं वाटेल तिथे मार्कर टाक. तू खोलीत थांबू नकोस, चहा कर. मग मार्कर बघ कुठे पडलेत ते. जर टिचक्यांवर पडले असतील तर मी चुकले आणि मला लिही, पण मला खात्री आहे की ते सुरुवातीच्या धुक्यावर आणि त्या सहाव्या मिनिटावर पडतील.

राहिलं नाव. नाव बदलण्यात वाईट काही नाही, या क्षेत्रात तर सगळेच बदलतात, एफेक्स ट्विननेच एएफएक्स, पॉलिगॉन विंडो आणि अजून काय काय नावांनी माल काढलाय. पण त्याला एका नावात मावत नव्हतं म्हणून नावं लागली, कोणी ओळखू नये म्हणून नाही. तुझं सध्या एका नावात आरामात मावतंय. आणि बॅंडकॅंपवर तुला ऐकणारे जे मोजके आहेत ते त्या टिचक्या पहिल्या दहा सेकंदांत ओळखतील, मग नवीन नावाचा उपयोग काय, उलट त्यांना वाटेल कोणीतरी तुझी कॉपी करतंय आणि तुलाच मेल येतील. तिसरा अल्बम आहे त्याच नावाने काढ. आणि फ्रीज डबल डोअर घे, दोन लाखांत बरेच पैसे उरतील, उरलेल्यात एक बरी साउंड कार्ड आणि दोघांनी मिळून ऐकायला दोन धड स्पीकर येतात, रात्री हेडफोन लावून एकट्याने मिक्स केल्यामुळेच ते धुकं एवढं वाढलंय असा मला दाट संशय आहे.